पहिला ओरखडा

ओझं टाकलं नाही म्हणून माझ्या थोबाडीत दिलीस, आणि तुझ्यावर वेळ आली तेव्हा मात्र पाटा छातीशी धरून खिंडीत पडलीस. हा कुठला न्याय? इतकी वर्षं कुणाला विचारलं नाही, कारण विचारायचं होतं ते तुला, आणि तू तर पुढच्या पावसाआधी निघून गेलीस. आता माझं वय तू गेलीस तेव्हाच्या तुझ्या वयाहून कितीतरी जास्त झालंय. आज वाटेत भेटलीस तर तूच मला म्हणशील, म्हातारे, जरा बाजूला हो. म्हणून आता भीत नाही. विचारते.

आये, मी बरी आहे. गुडघे गेले, दात थोडे उरलेत, जीभ सगळी शिल्लक आहे. लिहायची सवय नाही. शाळेत धड बसू दिलंस कुठं, बाराखडी झाली की गुरांमागं धाडलंस. पुढं वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून वाचून जे आलं ते आलं. हा कागदही तसलाच, खाकी, सायकलच्या खोक्यातून निघालेला. जाड आहे म्हणून ठेवून दिला होता. खरं सांगायचं तर कंटाळा आलाय. चढायचा, उतरायचा, कुणी काय करावं ते ठरवायचा. ह्या वयात तरी मला कुणी काही विचारू नये असं वाटतं, तर घरातली सगळ्यात अवघड गोष्ट माझ्याच पदरात आणून टाकली.

माझ्या मुलाची मुलगी माझ्याकडे राहते. मुलगा आणि सून शेलूला, नव्या बिल्डिंगीत. पोरीला नोकरी रसायनीला, एका कारखान्यात काचेच्या नळ्यांतून पाणी तपासायची. शेलूहून रोज येणं-जाणं करायचं तर अर्धं आयुष्य रस्त्यातच जाईल, म्हणून आठवडाभर इथं, माझ्या सासरच्या ह्या घरात. कंपनीची गाडी नाक्यावर येते. काम बरं आहे, पोरगी गुणाची आहे, फक्त रविवार आला की तिला डोंगर चावतो. सायकल घेऊन डोंगरात जायचं आणि तिथून खाली यायचं, ह्याला ती खेळ म्हणते. आणि कुठली वाट? तर तुझी. तुझ्या गावाहून खिंडीत चढून माझ्या दारात उतरणारी, मोळ्यांची वाट. आता मोळी घेऊन तिथून कुणी येत नाही, घरोघर गॅस आला. सुट्टीच्या दिवशी मुंबई-पुण्याची पोरं डोक्यावर टोपरी चढवून येतात आणि तिला ट्रेल म्हणतात. तू असतीस तर दगड मारून हाकलली असतीस.

गेल्या उन्हाळ्यात ती त्या वाटेवर पडली. भाड्याची सायकल होती, लोखंडाचं धूड, पुढं नावाला शॉक, मागं काहीच नाही. दगडावर मागचं चाक उडालं, ती सायकलसकट गेली आणि खांद्याजवळचं हाड मोडून आली. हँडल शेवटपर्यंत सोडलं नव्हतं, तळहाताला रबराची नक्षी उठली होती. मुलगा शेलूहून धावत आला. हात गळ्यात अडकवलेल्या पोरीपुढं उभा राहून म्हणाला, "संपला खेळ. परत सायकलचं नाव काढायचं नाय." तिनं मान हलवली. मला तेव्हाच कळलं, ही मान हलवते म्हणजे ऐकत नाही. तिच्या पणजीवर गेलीय. हाड सांधलं आणि माझ्या घरी खोकी यायला लागली.

आधी बरेच दिवस नुसती निवड चालली होती. संध्याकाळी मी पावटे सोलत बसायची आणि ही समोर फोन घेऊन. "आजी, ऐक. ह्या फ्रेमला मागं झोका जास्त आहे, म्हणजे शॉक जास्त दबतो, पण जड आहे. ही हलकी, पण झोका थोडा कमी. कुठली घेऊ?"

"तुझ्या बापाला इचार."

"आजी!"

"मग मला कशाला इचारतेस? मी जल्मात सायकलीवर बसले नाय."

"पण तू ती वाट चढलीयेस ना. तुझ्या माहेरच्या बाजूनं चढ कसा आहे ते सांग. सायकल चालवत जाता येईल का?"

मी हसले. म्हटलं, तो चढ बकरीला विचार. तुला आठवतं ना, करवंदीच्या जाळ्या संपल्या की कातळाच्या पायऱ्या लागतात, तिथं आपण हात टेकून चढायचो. "निम्म्या वाटेला ती सायकल तुला खांद्यावर घ्यावी लागंल," म्हटलं. तिथं तिचा निर्णय झाला. हलकी घ्यायची, पण पुढं-मागं दोन्हीकडे शॉक पाहिजेत, कारण चढ खांद्यानं चढायचा असला तरी उतार चाकांवर उतरायचा. मग टायरची पाळी आली. हलके टायर पातळ असतात, म्हणाली, आपल्याकडचे दगड कसे आहेत? मी डोळे मिटले आणि सगळी वाट उतरून आले. वर कातळ, पावसाळ्यानंतर दिवाळीपर्यंत त्याच्यावर शेवाळ. मग मुरूम, पायाखालून वाहतो. मग कुंभ्याच्या झाडाचं वळण. त्याच्याखाली काळे फुटके दगड, सुरीसारखे. ती लिहून घेत होती. "मग टायरमध्ये वजन वाचवायचं नाही," म्हणाली, "आणि ब्रेकमध्ये पण नाही." मला बरं वाटलं. कुठं हलकं व्हायचं आणि कुठं नाही, एवढी तरी अक्कल होती. पण मी माझ्याच तोंडानं वाट दाखवत होते, हेही मला कळत होतं. सांगून झाल्यावर पावट्यांत हात घातला तर सालं आणि दाणे मी एकाच सुपात टाकत होते.

फ्रेम आली ती काळी, कसल्याशा कोळशाच्या धाग्यांची. बोटानं वाजवली तर सुक्या भोपळ्यासारखी वाजली. मी एका हातानं उचलली आणि म्हटलं, आत भरायचं सामान विसरले वाटतं पाठवणारे. ती स्वयंपाकघरात चटई अंथरून बसायची. सगळे भाग ओळीनं मांडायचे, एकेक काट्यावर ठेवायचा, अगदी बोल्टसुद्धा. एक दिवस मी बोलले, "माझ्या हातची तूप लावलेली भाकर चापून खातेस, मग सायकलीवर तूच बसनार आनि बोल्टाचं वजन करतेस? त्यापेक्षा एक भाकर कमी खा." ती म्हणाली, "भाकर पाय मारते आजी, बोल्ट नाही मारत." त्या रात्री मी तिला एक भाकर जास्त वाढली. असं क्वचित होतं, म्हणून तुला कळवते.

मी काही मदत केली नाही, फक्त धरायचं काम केलं. पुढच्या फोर्कची नळी लांब होती, ती कापायची होती. तिनं मापं घेतली, पुन्हा घेतली, करवत लावली, काढली. "कापू?" "काप. पन कापलीस की कापलीस, मी काय ती परत शिवून देनार नाय." मी नळी पाटावर दाबून धरली. पाट म्हणजे बसायचा, लाकडी. तुझा पाटा कोपऱ्यात होता, त्याच्यावर तिनं नट आवळायचे पाने मांडून ठेवले होते.

काही भाग घरी बसणारे नव्हते, दाबून बसवायला यंत्र लागतं. त्यासाठी कर्जतच्या बाजारात गेलो, सायकलवाल्या चाचाकडे. त्याचा बाप तुझ्या वेळी भाड्यानं सायकली द्यायचा, तळकोकणातून आलेले, मशिदीच्या गल्लीत राहतात. चाचा आता माझ्याएवढाच म्हातारा. त्यानं फ्रेम हातात घेतली, वरखाली केली, आणि चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "आजी, ही सायकल नाय, पतंग हाय. मांजा कुनाच्या हातात?"

"तिच्या बापाच्या. पन त्याला ठाव नाय."

तो इतका हसला की खोकला लागला. मग त्यानं सावकाश, फ्रेमला न दुखवता, सगळं बसवून दिलं. निघताना पोरीला म्हणाला, "बेटा, जमिनीवर ठेवशील तर साखळीची बाजू वर. साखळीवर कधी आडवी टाकायची नाय." ती ते ऐकून न ऐकल्यासारखं करून फ्रेम फडक्यात गुंडाळत होती. मी मात्र ते ध्यानात ठेवलं.

शॉकचं मला लगेच कळलं. मागच्या शॉकमध्ये छोट्या पंपानं हवा भरतात, मग वर बसायचं. आपल्या नुसत्या वजनानं तो थोडा दबला पाहिजे, किती दबला ते एक रबरी कडं सरकून दाखवतं. ती अंगणात भिंतीला हात टेकून सायकलीवर बसली, उतरली, कडं बघितलं, हवा सोडली, परत बसली. "कडक ठेवला तर चाक दगडावर उडतं आजी. मऊ ठेवला तर सगळी ताकद तोच खातो. थोडा बसलेला पाहिजे, म्हणजे खड्डा आला तर चाक खाली जाऊ शकतं." मी म्हटलं, गुडघे. ती म्हणाली, हो, गुडघेच, आणि परत हवा भरायला लागली. तिला त्यात काही मोठं वाटलं नाही. मी मात्र ओट्यावर बसून राहिले, कारण मला ती थोबाडीत बसलेली आठवली.

मी तेव्हा किती असेन, परकर नेसत होते. आपण दोघी खिंडीतून मोळ्या घेऊन उतरत होतो, तू पुढं, मी मागं. मुरमावर माझा पाय सटकला. मोळी टाकली तर सुतळी तुटेल, लाकडं दरीत जातील, तू रागावशील, म्हणून मी ती दोन्ही हातांनी डोक्यावर धरून ठेवली आणि मोळीसकट घरंगळत तुझ्या पायाशी आले. तू आपली मोळी शांतपणे उतरवून ठेवलीस. मला उभं केलंस. हातपाय चाचपलेस. आणि मग कानशिलात अशी दिलीस की डोंगर दोनदा फिरला. "ओझं टाकायचं! लाकडं उद्या पन मिलतील. मान मोडली तर मी कुठून आनू?" मग मोळी माझ्या डोक्यावर परत चढवलीस, रडं थांबायची वाटसुद्धा बघितली नाहीस, आणि मला तिथंच शिकवलंस. गुडघे बांधू नको, सैल सोड. चुंबळीखालची मान हलू देऊ नको, बाकी सगळं हलू दे. आणि जायला लागलं की हात वर, मोळी मागं, आपण पुढं. टाक म्हटलं की टाकायचं. तू टाक म्हणायचीस आणि मी टाकायची. किती मोळ्या फुटल्या त्या उतारावर. तुला कधी हळहळलेली बघितली नाही.

म्हणून तर मला तुझा पाटा समजत नाही.

लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीला मी माहेरी आले होते. भाकरी थापता थापता एवढंच बोलले की सासूचा पाटा गुळगुळीत झालाय, खोबरं वाटायला वेळ लागतो, मग ऐकून घ्यावं लागतं. एवढंच. मागितला नव्हता. हे आजही ठणकावून सांगते, मी मागितला नव्हता. टाकीवाली बाई बोलावून सासूच्या पाट्याला छिन्नीचे चार ठोके दिले असते, तो खरबरीत झाला असता, तरी भागत होतं. पण तू नवा पाटा घेतलास, चुंबळीवर ठेवलास आणि खिंड चढून एकटी निघालीस. आता वाटेची रीत काय होती? कुंभ्याच्या वळणावरून पुढचं दिसत नाही. तिथं थांबायचं, वरून कूऽऽ करून हाक द्यायची, खालच्या घरांतून कुणीतरी ओ द्यायची. गुरं वर निघाली असतील तर खालचा माणूस ती अडवून धरतो. ओ आली की पाऊल टाकायचं, नाही आली तर ओझं उतरवून बसून राहायचं. ही रीत मला तूच शिकवलीस. आणि त्या दिवशी तू हाक दिली नाहीस. लेकीच्या सासरी बाई वरून ओरडत आली असं कुणी म्हणायला नको! वळणावर गुरं आली, तू बाजूला झालीस, पाय मुरमावर गेला. आणि लेकीला द्यायची वस्तू, ती वाटेत टाकायची कशी, म्हणून ती छातीशी धरलीस आणि पाठीवर आपटलीस.

दारात आलीस तेव्हा दोन्ही कोपरं सोललेली, पदराला माती. मी धावले. तू पाटा ओट्यावर ठेवलास, त्याच्यावरून हात फिरवलास आणि हसून म्हणालीस, "बघ, टवका नाय उडाला." सासूनं अंगठा फिरवून बघितला, म्हणाली, बरा हाय. तू पाणीसुद्धा घेतलं नाहीस, कारण लेकीला मूल होत नाही तोवर तिच्या घरचं काही तोंडात घालायचं नाही. कोरड्या तोंडानं ओट्यावर बसलीस आणि उन्हं कलायच्या आत लांबच्या गाडीरस्त्यानं परत निघालीस, वाकलेली. ती पाठ परत सरळ झाली नाही. अंथरूण धरलंस ते धरलंस. मला भेटायला पाठवलं तेव्हाही तू हेच विचारलंस, खोबरं बारीक होतं का? होतं, म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

हे सगळं माझ्या नातीला ठाऊक नाही. तिला एवढंच ठाऊक आहे की पणजी पडून गेली. पण माझ्या मुलाला ठाऊक आहे. मागच्या महिन्यात तो न कळवता आला आणि सायकल वाशाला टांगलेली बघून दारातच उभा राहिला. चाकं, हँडल, साखळी, सगळं चढलेलं होतं. पोरगी कामावर होती. तो आरडाओरडा करील असं वाटलं होतं, तर खाली बसला.

"आये, तुझ्या घरात?"

"माझ्या घरात नाय तर काय तुझ्या बिल्डिंगीत? लिफ्टात मावनार हाय का ती?"

"मस्करी नको. मी फोनवर बोललो तिच्याशी, आत्ता वाटेत चाचानं सांगलं तवा. ती म्हनते, आजी नको म्हनाली तर नाय जानार. माझं ऐकनार नाय, तुझं ऐकंल. तू फकस्त नाय बोल, आये. एकदाच बोल." वर टांगलेल्या चाकाकडे बघून म्हणाला, "त्याच वाटेनं येनार हाय ती. तुझ्या आयेच्या."

"मला म्हाईत हाय कुनाची वाट हाय ती," मी म्हटलं. चहा केला, तो प्यायला, गेला. आणि मी त्या काळ्या सायकलीखाली बसून राहिले. इतका थकवा मला भाताच्या लावणीतही कधी आला नव्हता. एक शब्द बोलला की पोरगी घरात. पण घरात म्हणजे कशी, तेही मी बघितलेलं आहे. हात गळ्यात अडकवून महिनाभर भिंतीकडे तोंड करून बसलेली होती ती. ती जिवंत होती, जेवत होती, आणि माझ्याशी एक वाकडा शब्द बोलत नव्हती. ज्या घरात माझ्याशी कुणी वाकडं बोलत नाही ते घर कसलं.

रविवारी सकाळी ती सायकल अंगणात काढून पुसत होती. मी विचारलं, "पडायला लागलीस तर सायकल टाकशील?"

"नाही पडणार, आजी. म्हणून तर एवढी नीट बांधली."

"मी इचारलं काय? टाकशील का?"

ती फडकं घेऊन थांबली. काळ्या नळीवरून हात फिरवला. "हिला मी ओरखडासुद्धा पडू देणार नाही," म्हणाली, आणि हसली.

आये, तो हात मी ओळखला. टवका नाय उडाला म्हणताना पाट्यावरून फिरलेला हात. मी ओट्यावरून उठले, कशी उठले माहीत नाही, गुडघे ओरडले. तिच्या हातातून सायकल घेतली. हलकी होती म्हणून घेता आली, लोखंडी धूड असतं तर मी खाली आणि ते वर. अंगणाच्या कडेला रस्त्याच्या कामाची खडी पडलेली आहे. तिथवर चालवत नेली आणि ढकलून दिली. साखळीची बाजू वर. मी काय येडी नाय.

ती किंचाळली. धावत आली, गुडघ्यावर बसली, पेडल, हँडलचं टोक, मग खालची नळी बघत गेली. नळीवर बोटाएवढा पांढरा ओरखडा. नाणं काढून ती सगळीकडे टकटक वाजवत बसली, आत तडा गेला का ते ऐकत. तडा नव्हता. "आजी, तू काय केलंस हे? कळतं का तुला? महिने गेले माझे ह्यात!" डोळ्यांत पाणी. मी म्हटलं, "झालं. पडला ओरखडा. आता ती जुनी झाली. आता तुला टाकता येईल." तिनं ऐकलं नाही, सायकल उचलून आत गेली. मग तो सबंध आठवडा भाकर ताटात वाढली की खायची आणि ताट घासून पालथं घालायची, तोंडातून अक्षर नाही. मला वाटलं, संपलं, मी नको न म्हणताच तिचं जाणं बंद झालं.

शनिवारी कामावरून आली, चहा घेतला, आणि ओट्याच्या पायरीवर बसून विचारलं, "पणजी नक्की कशी पडली?" बापानं फोनवर काहीतरी सांगितलं असावं. मग मी सांगितलं. थोबाडीत, चुंबळ, हाक, पाटा, सगळं, जसं तुला आता लिहिलं तसं, वाटाणे निवडावेत तसं. ती उठली आणि स्वयंपाकघरात गेली. पाट्यावरचे आपले पाने उचलून दुसरीकडे ठेवले. तेवढंच केलं.

दुसऱ्या दिवशी अंगणात नव्या भाताचा पेंढा पसरला. नेमकी कापणी झालेली, पेंढ्याला तोटा नाही. ती लांबून यायची आणि मी ओट्यावरून ओरडायची, "टाक!" पहिल्या वेळी ती सायकलसकट पेंढ्यात. दुसऱ्या वेळीही. "हात सोड की गं! काय लगीन लावलंय का तिच्यासंगं?" शेजारच्या बायका भिंतीवरून बघत होत्या. मग जमलं. सायकल पुढं ढकलून द्यायची, आपण मागच्या चाकावरून मागं उतरायचं, धावत दोन पावलं, उभं. तोंडात पेंढा, केसात पेंढा, "टाकली आजी!" असं ओरडत. सायकलीला अजून ओरखडे आले, तिनं मोजले नाहीत. संध्याकाळी मुलाचा फोन. "आये, मग तू नाय बोललीच नाय." मी म्हटलं, बोलले नाय. तो म्हणाला, "मी येतो रविवारी. खाली उभा ऱ्हातो." म्हटलं, ये, गुरं अडवायला मानूस पायजेच.

तो रविवार उद्याचा. पहाटे ती गाडीरस्त्यानं तुझ्या गावाकडे जाणार, करवंदीच्या जाळ्यांपासून सायकल खांद्यावर घेणार, आणि उन्हं चढायच्या आत खिंडीतून उतरणार. खिंडीत फोन लागत नाही, मनोऱ्याला डोंगर आडवा येतो. तर ती कुंभ्याच्या वळणावर थांबेल आणि हाक देईल. ओ आली तर निघेल, नाही आली तर सायकल खाली ठेवून बसेल. साखळीची बाजू वर ठेवून. हे सगळं तिच्याकडून तीनतीनदा वदवून घेतलं. माझा आवाज पोचतो का बघायला आज परसात जाऊन कूऽऽ केलं. कुत्रं भुंकलं, शेजारीण धावत आली, म्हणाली काय झालं म्हातारे. म्हणजे पोचतो.

हा कागद कुठं पाठवणार? सकाळी अंघोळीचं पाणी तापवायला चुलीत घालीन, जाड आहे, चांगला पेटेल. पण लिहायला बसले तर एक गोष्ट खरी सांगून टाकते. तुझा पाटा आता पार गुळगुळीत झालाय. सासूचा होता त्याहूनही जास्त. खोबरं तर सोड, मिरचीसुद्धा नुसती घसरते, मिक्सर आला म्हणून कुणाला कळलं नाही. टाकीवाल्या बायका इतकी वर्षं दारावरून ओरडत गेल्या, आणि दर वेळी मी आतूनच ओरडले, आमच्याकडं नाय काय. त्याच्यावर कुणी छिन्नी मारलेली मला बघवली नसती. दुसऱ्याची सायकल खडीवर फेकायला हात उचलला, ह्याला उचलला नाही. परत आली एखादी तर बोलावीन म्हणते. बघू.

आता माझ्या प्रश्नाचं उत्तर मला नको, ते तुझ्यापाशीच ठेव. आणि उद्या कान देऊन ऐकत बसशील ते ठाऊक आहे मला, पण मधे तोंड घालायचं नाही. पोरगी वळणावरून हाक देईल, ओ मी देणार. तू द्यायची नाहीस.